चार नंबरचं यंत्र

"एक खिळासुद्धा चुकीच्या जागी ठोकला जाणार नाही!" असं आर्किटेक्टबाईंनी भर बैठकीत सांगितलं आणि टेबलावर अशी मूठ आपटली, की समोरच्या साहेबांच्या चहाने बशीत उडी घेतली.

बाईंना एवढं ठणकावून बोलायला कारण होतं. लेक झाल्यावर तीन वर्षांनी मिळालेलं हे त्यांचं पहिलं स्वतंत्र काम. लेकीला घरात सगळे भिंगरी म्हणत. तिचा पाय जमिनीला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात फक्त पुढच्या उडीची तयारी होई. या तीन वर्षांत बाईंनी घरात काय कमी बांधकामं केली होती? गाद्यांचे किल्ले, खुर्च्यांचे बोगदे, डब्यांचे मनोरे! आणि प्रत्येक बांधकाम त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत जमीनदोस्त. आता पहिल्यांदाच अशी इमारत हाती आली होती, जी दुसऱ्या दिवशी सकाळीही जागेवर सापडणार होती.

आणि इमारत तरी कशी? नव्वद वर्षांचा जुना शाईचा कारखाना! कारखाना बंद होऊन पंचवीस वर्षं झाली, तरी आत पाऊल टाकलं की वाटे, कामगार नुकतेच हात पुसून बाहेर पडलेत. आणि हात पुसलेत ते भिंतींनाच! खांबांवर निळे पंजे, पायऱ्यांवर जांभळे ओघळ, दारांच्या कडांवर बोटांच्या रांगा. सगळी इमारत म्हणजे शाळेतून आलेल्या पोराच्या सदऱ्याचा खिसा!

तिथे मुलांसाठी घर व्हायचं होतं. जिथे शाई घुसळत तिथे खेळाचा हॉल, बाटल्या भरायच्या खोलीत वाचनालय, गोदामात नाटकाचा मंच. आजूबाजूच्या गल्ल्यांतली साठ-सत्तर मुलं उभ्या गाड्यांच्या फटीत चेंडू खेळत, आणि दर दहा मिनिटांनी कुणाच्या तरी खिडकीतून शिव्या खात. ती रोज कारखान्याच्या फाटकाला लटकून विचारत, "उघडलं का हो?" बाईंनी त्यांना एक तारखेचा शब्द दिला होता. मोठ्या माणसांना दिलेला शब्द पुढे ढकलता येतो. फाटकाला लटकणाऱ्यांना दिलेला ढकलून बघा!

एकच मेख होती. अग्निशमनवाल्यांनी बजावलं होतं, "हॉलला बाहेर पडायला दुसरं दार पाहिजे. दार नाही, तर परवानगी नाही." आता दार पाडायचं कुठे? एका बाजूला शेजाऱ्याची भिंत, दुसऱ्या बाजूला दर्शनी कमानी, तिसऱ्या बाजूला धुराडं. उरली फक्त पूर्वेची भिंत. तिच्यावर मालकी जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या खात्याच्या साहेबांची. बाई त्यांना मनातल्या मनात 'वारसासाहेब' म्हणत. त्यांचा नियम एकच: कामगारांच्या हातची एकही खूण पुसायची नाही. नशिबाने पूर्वेची भिंत कोरी होती. पांढरी स्वच्छ! साहेबांनी शुक्रवारी ती पाहिली, मान डोलावली आणि म्हणाले, "सोमवारी येऊन सही करतो."

शुक्रवार आणि सोमवार यांच्यामध्ये शनिवार येतो, हे बाईंच्या नियोजनात बसलं नव्हतं.

शनिवारी सासूबाईंची दाढ ठणकली. भिंगरीला सांभाळायचं खातं त्यांच्याकडे. त्या गाल धरून दवाखान्यात गेल्या, नवरा कामानिमित्त परगावी, शेजारीण पाहुण्यांत. राहिली भिंगरी. बाईंनी तिला काखोटीला मारली आणि थेट कामावर हजर!

फाटकावर मोठा फलक होता: 'काम चालू. लहान मुलांना आत येण्यास सक्त मनाई.' बाईंनीच लावलेला. मिस्त्रींनी एकदा फलकाकडे पाहिलं, एकदा भिंगरीकडे पाहिलं, आणि खांद्यावरचा पंचा काढून फलकावर वाळत टाकला.

"मॅडम, मला काय वाचता येत नाही आज," ते म्हणाले.

भिंगरीला पोत्यांच्या आडोशाला चटईवर बसवलं. बिस्किटं दिली, बाहुली दिली, मेणाच्या खडूंचा डबा आणि कागद दिले. बाई फोनवर खिडकीवाल्याशी बिजागरीवरून भांडू लागल्या. भांडण रंगलं. चाळीस मिनिटं भिंगरीचा आवाज नाही! ज्यांनी तीन वर्षांचं मूल सांभाळलंय, त्यांना ठाऊक आहे की चाळीस मिनिटांची शांतता ही नुसती शांतता कधीच नसते. पण बाई त्या वेळी आई नव्हत्या, आर्किटेक्ट होत्या. नेमकं तिथेच चुकलं.

सोमवारी वारसासाहेब आले. पोती हलवून भिंत मोकळी केली होती. साहेबांनी पेन काढलं, टोपण काढलं, कागद गुडघ्यावर घ्यायला वाकले, आणि वाकले ते वाकलेलेच राहिले.

"मिस्त्री! दिवा आणा!"

बाईंना वाटलं, साहेबांच्या कमरेत चमक भरली. त्या धावल्या. साहेब दोन्ही गुडघ्यांवर बसून भिंतीला नाक लावून होते.

"शुक्रवारी माझ्या नजरेतून सुटलं कसं? पोत्यांच्या मागे होतं! बाई, बघा! नीट बघा! वर हे मोठं चाक. चाकावरून सुटलेले हे पट्टे. हे दोन लहानमोठे गोल म्हणजे दाब मोजायची घड्याळं. बाजूंना सहा दांडे, घुसळायचे. आणि हे उघडं तोंड, त्यातून बाहेर पडणारी वाफ. तीन नागमोडी रेघा! अहो, कुण्या कामगाराने यंत्राची आकृती काढून ठेवलीय! आणि किती खाली काढलीय बघा. जमिनीवर बसून, जेवणाच्या सुट्टीत काढली असणार. कारखान्याच्या जांभळ्या शाईने!"

बाईंनी वाकून पाहिलं. तो जांभळा रंग त्या ओळखत होत्या. तो रंग त्यांनी सोफ्यावरून घासला होता, फ्रिजवरून घासला होता, आणि एकदा सासूबाईंच्या चष्म्यावरूनही.

"साहेब, मला वाटतं, हे इतकं जुनं नसावं..."

"बाई, तुम्ही नव्या इमारती बांधणाऱ्या. जुन्याची नजर वेगळी असते." साहेबांनी पेनाला टोपण लावलं. सही राहिली! "ही भिंत आता राखीव. रंगाचा नमुना तपासायला पाठवतो. सहा महिन्यांत अहवाल येईल."

"सहा महिने? एक तारखेला मुलं यायचीत!"

"चित्र साठ वर्षं थांबलं. मुलांना सहा महिने थांबता येणार नाही?"

बाईंच्या जिभेवर खरं काय ते आलं होतं. पण बाहेर फाटकावर फलक होता, त्याच्यावर त्यांचीच सही होती, आणि पंचा आज मिस्त्रींच्या खांद्यावर होता. बाईंनी गिळलं ते गिळलंच.

घरी येऊन मात्र त्यांनी हिंमत केली आणि साहेबांना फोन लावला. "साहेब, ते चित्र माझ्या मुलीने काढलंय."

"अरे वा!" साहेब गहिवरले. "इतक्या लहान वयात तिला त्या चित्राची नक्कल काढावीशी वाटली! हाच तर खरा वारसा! तिचा कागद जपून ठेवा हं, प्रदर्शनात लावू."

"नक्कल नाही हो, अस्सल! अस्सल तिने काढलंय!"

"हो हो, अस्सलच वाटतं बघा आईला. माझी नातही अशीच." आणि फोन बंद!

दुसऱ्या दिवशी बाईंनी रीतसर अर्ज लिहिला. त्याचं उत्तर तीन दिवसांत आलं: 'आपण वास्तूतील चित्राचे महत्त्व कमी करण्याचा प्रयत्न करू नये.' खाली सही अशी लफ्फेदार, की तिचीही नक्कल काढावी!

मग राहिला शेवटचा उपाय. बाई एका सकाळी स्पंज, साबणाचं पाणी आणि चोराची पावलं घेऊन हॉलमध्ये शिरल्या. पाहतात तो काय, भिंतीपाशी खुर्ची, आणि खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ! इस्त्रीचा सदरा, खिशाला तीन पेनं.

"या ताई, या! यंत्र बघायला आलात?"

हे फोरमनकाका. याच कारखान्यात चाळीस वर्षं काम केलेले. साहेबांनी त्यांना साक्षीसाठी शोधून आणलं होतं. काकांना गेल्या वीस वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं. घरात तर 'काका, जरा पाय वर घ्या' यापलीकडे कुणी त्यांच्याशी बोलत नसे. अशा माणसाला एक मोठा साहेब येऊन विचारतो, "हे यंत्र कुठलं, आठवतं का?" आता आठवल्याशिवाय राहील का?

"चार नंबरचं!" काका बाईंना सांगू लागले. "घुसळणखान्यातलं सगळ्यात तापट यंत्र. मी बघताक्षणी ओळखलं. अहो, ह्याच्यापायी माझे केस पिकले! काढणारा कोण तेही आठवतं मला. आमचा एक लंबू होता. कमी बोलायचा, पण चित्रं काढायचा."

"लंबू? एवढ्या खाली काढायचा?"

"लंबूच तो. वाकून काढायचा." काकांनी डोळे पुसले. "गेला बिचारा. त्याची एवढीच खूण राहिली बघा."

बाईंनी स्पंज पाठीमागे लपवला. साबणाचं पाणी चपलेत ओघळत होतं. आता खरं सांगायचं म्हणजे एका दमात दार मागायचं आणि काकांचा लंबू दुसऱ्यांदा मारायचा! त्या काकांच्या शेजारी बसल्या, चार नंबरच्या तीन गोष्टी ऐकल्या आणि ओल्या चपलेने फचफच करत परत गेल्या.

बातमी पसरली. वर्तमानपत्रात फोटो आला. कुणी म्हणालं, या मुलांच्या घराला 'चार नंबर' असंच नाव द्या. चित्रावर बसवायला काच आली, भोवती बांधायला दोर आला. आणि फाटकाला लटकलेली पोरं रोज एक बोट कमी करून दाखवू लागली: "ताई, आता पाचच दिवस ना?"

पाच दिवस उरले, तेव्हा बाईंनी ठरवलं, झालं ते झालं. पुरावाच उचलून घेऊन जायचा!

काच बसवायचा मुहूर्त सकाळी अकराचा. साहेब, काका आणि मिस्त्री भिंतीसमोर उभे. इतक्यात बाई आल्या. कडेवर भिंगरी, खांद्याला पिशवी, काखेत नकाशाची गुंडाळी, एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात टेप आणि हेल्मेट, आणि दातांत मेणाच्या खडूंचा डबा. भिंगरीला खाली ठेवून त्यांनी डबा दातांतून सोडवला.

"साहेब, सगळ्यांसमोर सांगते. त्या शनिवारी मी नियम मोडून मुलीला इथे आणलं. चूक माझी. जी कारवाई करायची ती माझ्यावर करा. पण हे चित्र हिने काढलंय. भिंगरी, सांग बाळा. हे कुणी काढलं?"

भिंगरीने चित्राकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, "मी नाही."

"अगं, तूच ना!"

"मी नाही काढलं. भिंतीवर काढायचं नसतं." आणि तिने साहेबांकडे अशा नजरेने पाहिलं, की बघा, मी किती शहाणी!

साहेब कौतुकाने म्हणाले, "वळण चांगलं लावलंय हो तुम्ही."

लावणारच! सोफा, फ्रिज आणि चष्मा यांच्यानंतर बाईंनी भिंतींबद्दल असं काही व्याख्यान दिलं होतं, की शेजारच्या मुलांनीही रेघा ओढणं सोडलं होतं. ते व्याख्यान आज त्यांच्याच अंगावर उलटत होतं.

"बरं," बाई गोड आवाजात म्हणाल्या, "मग आता काढून दाखव. हा घे जांभळा. कागदावर काढ. त्या दिवशी काढलंस तस्संच."

"त्या दिवशी मी बिस्किट खाल्लं."

"बिस्किटानंतर!"

"झोपले."

"तू झोपली नव्हतीस!"

"आई, तू ओरडशील."

"नाही ओरडणार!"

"आत्ता ओरडतेस."

"मी ओरडत नाहीये!" बाई ओरडल्या. मिस्त्रींच्या हातातली काच झणझणली. पाच दिवस राहिलेले, अग्निशमनवाले, फाटकावरची बोटं, सासूबाईंची दाढ, सगळं एकदम उसळून आलं. बाईंच्या डोक्यातली पिन तटकन उडाली, केस चारी दिशांना सुटले. रात्रभर झोप नसल्यामुळे एक डोळा मोठा, एक बारीक झालेला. एका हातात टेप, एकात बाटली, काखेतून नकाशा आडवा बाहेर आलेला, खांद्यावरून पिशवी तिरकी लोंबणारी, कोपराला हेल्मेट अडकलेलं, आणि मुठीतून बाहेर डोकावणारा जांभळा खडू!

"मला दार पाहिजे! साठ पोरं महिनाभर त्या फाटकाला लटकलीत! त्यांना खेळायला जागा नाही आणि तुम्ही चित्राला काच लावताय? ज्यांच्यासाठी घर बांधलं त्यांनाच बाहेर ठेवून आतल्या भिंतीची पूजा करायची? आणि कोणाचं चित्र? कशाचं चित्र? अहो, नीट बघा तरी एकदा!"

त्या थांबल्या. 

साहेब नीट बघत होते. त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं. मग बाईंकडे. मग भिंतीकडे. फोरमनकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि तसंच केलं. मिस्त्री मात्र छताकडे पाहत होते, इतक्या निष्ठेने की जणू छतच कोसळणार होतं.

"चाक..." साहेब पुटपुटले, आणि त्यांची नजर बाईंच्या डोक्यावर गेली. "पट्टे..." नजर केसांवर. "घड्याळं, एक लहान, एक मोठं..." मग त्यांनी बोटाने हवेत मोजलं. टेप, बाटली, नकाशा, पिशवी, हेल्मेट, खडू. "सहा."

भिंगरीला आता राहवलं नाही. आपलं चित्र समोरच्या माणसाला समजत नाहीये, यासारखं दुःख नाही. ती पुढे झाली, वाफेवर बोट ठेवलं आणि सांगितलं, "हे ओरडणं आहे."

"म्हणजे हे...?"

"आई आहे."

बाईंनी हळूच तोंड मिटलं. हात मात्र किती आणि कुठे खाली करायचे, ते त्यांना कळेना.

मिस्त्री खाकरले. "मॅडम, मला पहिल्याच दिवशी शंका आली होती. पण तोंडावर कसं सांगणार?"

बाईंनी भीत भीत फोरमनकाकांकडे पाहिलं. काकांनी चित्राजवळ जाऊन वाकून पाहिलं. मग मान हलवून म्हणाले, "पण साहेब, आवाज अगदी चार नंबरचाच हो! मी खोटं बोललो नाही. लंबू असता तर त्यालाही हेच वाटलं असतं." आणि ते हसले. असे हसले, की खिशातली तिन्ही पेनं नाचायला लागली. "मिस्त्री, दार पाडताना तेवढा गिलाव्याचा तुकडा सांभाळून काढाल का? मला हवाय. घरी सांगायला बरं, की चार नंबर आणलंय."

साहेबांनी मुकाट्याने पेनाचं टोपण काढलं आणि राहिलेली सही केली. मिस्त्रींनी दुपारी तो तुकडा पावासारखा कापून काढला. संध्याकाळपर्यंत पूर्वेच्या भिंतीतून उजेड आत आला. फाटकावरच्या पोरांनी तो बाहेरून पाहिला आणि असा गलका केला, की चार नंबरला लाज वाटावी.

घरी जाताना रिक्षात बाईंनी केस गोळा करून पिन खोचली. मग त्यांनी विचारलं, "भिंगरे, मी इतकी ओरडते का गं?"

भिंगरीने मांडीवर डोकं टेकवून विचार केला. "थोडंसं," ती म्हणाली. "पण तुला हात किती आहेत!"

बाईंनी त्यातल्या दोन हातांनी तिला जवळ घेतलं. बाकीचे चार त्या वेळी कुठे गेले, कुणास ठाऊक.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण सरकारी काम! राखीव भिंत मोकळी करायची तर कारण लेखी द्यावं लागतं. आठवड्याने, मुलांचं घर सुरू झाल्यावर, टपालाने कागद आला. प्रत माहितीसाठी सहा कार्यालयांना.

सासूबाईंनी चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचला: "'सदर आकृती घुसळणयंत्राची नसून वास्तुविशारद बाईंची आहे, असे प्रत्यक्ष तुलनेअंती आढळून आले. केस, हात तसेच तोंडातून निघणारी वाफ तंतोतंत जुळते. सबब दार पाडण्यास हरकत नव्हती.'"

त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला, या वेळी मनात, चवीचवीने. मग उठल्या, फ्रिजवरची दुधाची यादी काढून त्या जागी तो लोहचुंबकाने नीट लावला, आणि दोन पावलं मागे सरकून म्हणाल्या,

"आयुष्यभर सरकारी कागद वाचले हो, पण इतका खरा पहिल्यांदाच!"